मळक्या गाठोड्यातली सुई

“सुया मोजून घे, मोजून परत दे. मधे कुणाच्या शब्दावर जाऊ नकोस.”

शिकवणाऱ्या सिस्टरबाईंचे हे बोल नर्स सुनेत्रा चार वर्षं पाळत आली होती. तरी आज संध्याकाळी तिला कामावरून काढल्याची चिठ्ठी मिळणार होती.

“बारा घेतल्या, बारा दिल्या,” ती मालिनीबाईंना म्हणाली. “मग तेरावी आली कुठून?”

उल्हासनगरातल्या जुन्या लष्करी बराकीत तो दवाखाना होता. शनिवारी मळके कपडे उचलताना आया ठमाबाईच्या बोटात इंजेक्शनची सुई घुसली. वॉर्डात काविळीचा रोगी होता. त्याचीच सुई, असं धरून ठमाबाईने बदलापूरच्या शिरगावात आपल्या घरी अंथरूण धरलं होतं. डॉक्टर गुरुदत्तांनी दोष सुनेत्राला दिला. खाजगी तपास करणाऱ्या मालिनीबाईंना तिनेच बोलावलं. सोबतीला त्यांचे थोरले भाऊ अण्णा होते.

डॉक्टरांनी चहा मागवला.

“माझा सोमवार आहे,” मालिनीबाई हळूच म्हणाल्या. “ती सुई दाखवता?”

सुई बशीत होती. तिच्या नळीत बारीक तार ओवलेली होती.

“गाठोड्यात काय काय होतं?”

“चादरी, अभ्रे, आम्हा सगळ्यांचे कोट. सुई त्यात जातेच कशी? हिचाच हलगर्जीपणा,” डॉक्टर म्हणाले.

सुया धुणारा ड्रेसर बाळाजी शेजारच्या खोलीत होता. उकळून कोरड्या केलेल्या सुयांचं भोक बुजू नये म्हणून तो प्रत्येकीत तार ओवत होता.

“टोचतानाही ही तार असते?”

“नाही हो बाई. तार काढूनच मी ट्रे वॉर्डात देतो. तारेसकट औषध जाईल कसं?”

“जादा सुया?”

“माझ्या डब्यात.” त्याची नजर अण्णांच्या सदऱ्याकडे गेली. “काका, बटण लोंबतंय.”

त्याने सुईदोरा काढला, चार टाके घातले, दातांनी दोरा तोडला आणि सुई आपल्या कोटाच्या कॉलरला खोवली.

“ड्रेसर आहेस की शिंपी?” अण्णा खूश झाले.

“शिंप्याचंच घर, काका. अंबरनाथला वडलांची मशीन आहे अजून.”

बाहेर येताच अण्णा कुजबुजले, “माले, पोरगी मोजायला विसरली असणार.”

“सगळ्यांना डॉक्टरांच्या खोलीत बोलवा, अण्णा.”

सगळे जमले. मालिनीबाईंनी बशी पुढे ओढली.

“वॉर्डात तारेची सुई जातच नाही. ही धुऊन, उकळून, तार ओवलेली आहे. म्हणजे ती बाळाजीच्या टेबलावरून आली. सुनेत्राची मोजणी बरोबर होती.”

“टेबलावरून गाठोड्यात?” डॉक्टरांनी विचारलं.

“अण्णा, तुमचं बटण लावलेली सुई कुठे गेली?”

अण्णांनी बाळाजीकडे पाहिलं. सुई कॉलरलाच होती.

“हात मोकळा हवा की शिंपी सुई अशीच खोवतो. शनिवारी इंजेक्शनची सुई खोवलेली राहिली आणि कोट धुवायला पडला. ट्रेमध्ये एक कमी भरली, ती डब्यातून घातलीत. खरं ना, बाळाजी?”

बाळाजी खाली बसला. “बशीत बघितली तेव्हाच ओळखली. नोकरी जाईल म्हणून गप्प राहिलो.”

“माझी चालली होती ती दिसली नाही तुला?” सुनेत्राने विचारलं.

डॉक्टरांनी चिठ्ठी फाडली. “चूक माझीही झाली, सिस्टर.”

“आणि सुई काविळीच्या रोग्याची नव्हे,” मालिनीबाई म्हणाल्या. “तिकडे ती बाई दोन दिवस मरणाची वाट बघतेय.”

“मी सांगतो तिला. माझ्याच तोंडून, आजच,” बाळाजी उठून म्हणाला.

“शब्द?”

“शब्द, बाई.”

बाळाजीने हात धुतले, चपला घातल्या आणि कुणाकडे न बघता बदलापूरची वाट धरली.