हवा ठीक आहे

उद्या तुम्ही पहिल्यांदा आमच्या टोळीबरोबर जहाजावर चढणार, म्हणून आधीच सांगते. मी काय बोलते तिकडे लक्ष देऊ नका, माझ्या हाताकडे बघा. हात वर केला तरच खाली उतरायचं.

पूर्वी असं नव्हतं. तेव्हा माझं काम एका वाक्याचं होतं. पाइनचे ओंडके भरलेलं जहाज धक्क्याला लागलं की त्याच्या पोटातल्या, माल भरायच्या खणाच्या तोंडाशी उभं राहायचं, हवा मोजायचं यंत्र दोरीने खाली सोडायचं आणि आकडा नीट आला की म्हणायचं, "हवा ठीक आहे." ओल्या सालीचे ओंडके बंद खणात पडून राहिले की आतला प्राणवायू खाऊन टाकतात. वास मात्र छान येतो, राळेचा, गोडसर. त्या वासातच माणूस कोसळतो, ओरडायलाही वेळ मिळत नाही.

माझा भाऊ तुरोआ आमच्या टोळीचा मुकादम. तो मला हेडमास्तरीण म्हणायचा. मी यंत्र खाली सोडलं की हा सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारणार, "काय ताई, आज उतरू की नाताळ झाल्यावर?" मीही कमी नाही, त्याची टोपी मी दोनदा समुद्रात फेकली आहे. पण आई गेल्यावर आमच्या धाकट्या भावाला, होहेपाला, यानेच लहानाचा मोठा केला. होहेपाचं काही असलं की याचं डोकं चालत नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं.

त्या दिवशी दक्षिण बेटावरून एक अर्धं भरलेलं जहाज आलं. उरलेला माल आम्ही चढवायचा होता. लख्ख ऊन पडलेलं, सीगल पक्ष्यांचा नुसता कलकलाट. तिसऱ्या खणात माणसाने उतरायचं लहान झाकण उघडंच होतं. ते बंद असायला हवं. मी जहाजवाल्यांच्या नावाने बोटं मोडत दोरी सोडवत होते, तेवढ्यात खालच्या अंधारातून आवाज आला.

"दादा... पाय अडकलाय."

होहेपाचाच आवाज. त्यात शंका घ्यायला जागाच नव्हती.

तुरोआचा एक पाय शिडीवर गेलासुद्धा. मी त्याचा कमरेचा पट्टा दोन्ही हातांनी धरला आणि बूड टेकून मागे ओढलं. झटापटीत यंत्र निसटून खाली गेलं आणि अर्ध्या वाटेतच दोरीला लटकून किंचाळायला लागलं.

"सोड, ताई. तो बोलतोय. म्हणजे जिवंत आहे."

मी वाकून यंत्रावरचा लाल आकडा बघितला.

"तुरोआ," मी म्हणाले, "या हवेत बोलता येत नाही."

त्याला ते कळायला थोडा वेळ लागला. मग त्याचं अंग सैल पडलं. खालून पुन्हा तोच आवाज आला, घाई नाही, धाप नाही. "दादा... ये ना."

मी वायरलेसवर बचाव पथकाला बोलावलं. पण पट्टा सोडला नाही. खरं सांगते, मनात एकच घोळत होतं. आत खरंच होहेपा असेल, तर मी त्याला मारते आहे. तुरोआ लहान मुलासारखा रडत होता.

"मासे गार होतील. काय चाललंय तुमचं?"

आम्ही मागे वळलो. होहेपा. हातात तळलेल्या माशांचा कागदी पुडा, तोंडात बटाट्याचा तुकडा. तुरोआने पुढे होऊन त्याचा चेहरा चाचपला, कान ओढून बघितला. आणि तेवढ्यात आमच्या पायांखालून, त्याच गळ्यातून, "दादा..."

होहेपाच्या हातून पुडा पडला. "हा तर मी आहे," तो पुटपुटला.

पथकातले दोघे पाठीवर हवेच्या टाक्या आणि तोंडावर मुखवटे लावून उतरले. खाली त्याच जहाजावरचा एक खलाशी सापडला. आदल्या दिवशी समुद्रात असताना एकटाच उतरला असावा. त्याचा पाय शिडीच्या पायरीत अडकलेला होता. अंग थंड, कधीच गेलेला. त्याला वर काढल्यावर आवाज थांबला. मला त्या पोराची फार दया आली. त्याला बाहेर यायचं होतं, म्हणून त्याने मिळेल तो आवाज घेतला असेल, अशी मी मनाची समजूत घातली.

आमचे कोरो, म्हणजे धक्क्यावरचे वडीलधारे आजोबा, आले. त्यांनी खणाच्या तोंडाशी करकिया म्हटली, पाणी शिंपडलं. ती प्रार्थना होईपर्यंत कोणीही कामाला हात लावला नाही. मग आम्ही सगळे बादलीत हात धूत होतो, तेव्हा पथकातला इहाका माझ्याजवळ आला. त्याचे ओठ पांढरे पडले होते.

"ताई, असली थट्टा परत करू नकोस."

"कसली?"

"आम्ही तळाशी होतो तेव्हा वरून ओरडलीस ना? हवा ठीक आहे, मुखवटे काढा. माझा हात मुखवट्याच्या पट्ट्यावर गेला होता गं... जोडीदाराने धरला म्हणून."

मी तुरोआकडे बघितलं. तो सगळा वेळ मला खेटून उभा होता. त्याने हळूच मान हलवली. मी तोंड उघडलंच नव्हतं.

ते जहाज गेलं, पुन्हा आमच्याकडे आलं नाही. धक्का धुतला, काम सुरू झालं. तुरोआने मला चिडवणं मात्र सोडलं.

मग या हिवाळ्यात दुसरंच एक जहाज लागलं, कोरं, पहिल्याच फेरीचं. सकाळची वेळ. मी खणाच्या तोंडाशी पाठमोरी बसून दोरीची गाठ सोडवत होते. वळून बघते तर तुरोआ कमरेपर्यंत आत उतरलेला. मी झडप घालून त्याची कॉलर पकडली.

"कुठे निघालास?"

तो माझ्याकडे बघतच राहिला, जरा वैतागूनच.

"अगं, आत्ताच तर म्हणालीस."

यंत्र अजून माझ्या मांडीवरच होतं.