मापाचा मुखवटा

१९७९ च्या जानेवारीत मी दोहाच्या नजमा भागात शिंपीकाम करत होतो. दुकान एका कतरी मालकाचं, मशीन जपानी आणि कात्री माझी, कागलहून आणलेली. मी डावरा आहे. त्यामुळे माझी कात्री दुसऱ्या कुणाच्या हातात चालत नाही आणि माझी तुरपाईही उलट्या बाजूला कलते. बाकी माझ्यात सांगण्यासारखं काही नाही. भुताखेतांवर माझा विश्वास तेव्हाही नव्हता आणि आताही नाही. शिंप्याला तेवढी सवडच नसते.

कामाची पद्धत ठरलेली होती. गिऱ्हाइकानं मापाला जुना कपडा आणायचा. टेप समोर आली की माणूस पोट आत ओढतो, छाती फुगवतो. जुना शर्ट असली नाटकं करत नाही. दुसरं म्हणजे शिवणीत अर्धा इंच माया सोडायचीच. गल्फात आलेला माणूस वर्षभरात बिर्याणीवर सुटतो. आत माया असली की शिवण उसवून कपडा वाढवता येतो. आणि तिसरं, ट्रायल घेतल्याशिवाय कपडा हातातून सोडायचा नाही.

खोलीत माझ्या शेजारच्या खाटेवर जालिंदर होता, आमच्याच तालुक्यातला. पाण्याच्या टँकरवर ड्रायव्हर, पण गावी तालमीत दहा वर्षं काढलेला. मातीत घासून आणि चेपून त्याचे दोन्ही कान फ्लॉवरच्या गड्ड्यासारखे झाले होते. ते कान म्हणजे त्याचं सर्टिफिकेट. सगळी खोली त्याला 'पैलवान' म्हणायची. त्यानं टँकर मागे घेताना खांबाला घासला तरी लोक "पैलवान, जरा बघून" असंच म्हणायचे. कुणी नुसतं जालिंदर म्हटलं की गडी त्या दिवशी जेवायचा नाही.

त्याच्या मनात एकच सल होता. गावच्या मैदानात त्याची शेवटची, मानाची कुस्ती लागली आणि त्याच आठवड्यात व्हिसा आला.

"एक कुस्ती ऱ्हायली, मास्तर," तो कांदा चिरता चिरता म्हणायचा. "तेवढी झाली असती तर बास होतं."

एका सोमवारी दुपारी, बाजार बंद असताना, खलील दार वाजवत आला. हा लेबनॉनचा. गाण्याचे कार्यक्रम, सर्कस, जे मिळेल ते दोहात आणायचा. त्याच्या मागून एक धिप्पाड माणूस वाकून आत शिरला. अंगात सुरेख सूट, पायात चकचकीत बूट आणि डोक्यापासून गळ्यापर्यंत मुखवटा. तपकिरी कापड, डोळ्यांभोवती दोन मोठी पिवळी वर्तुळं, मधे छोटीशी चोच. मागं बुटासारखी नाडी.

"मास्टर, ये एल मोचुएलो. मेक्सिको का चँपियन," खलील म्हणाला.

टँकर गल्लीत लावून जालिंदर आत डुलक्या घेत होता. तो उठून बसला आणि म्हणाला, "आयला, पिंगळा!" त्या नावाचा अर्थही तोच, छोटं घुबड, असं खलीलनं सांगितलं.

पाहुण्याची बॅग विमानतळावर भलत्याच विमानात गेली होती. तिच्यात त्याचे जास्तीचे मुखवटे होते. अंगावर होता तो कानामागून उसवत चालला होता. शुक्रवारी क्लबच्या मैदानावर त्याची कुस्ती. त्यांच्याकडे रीत अशी की पैलवानाचा चेहरा एकदा लोकांनी पाहिला की त्याची कारकीर्द संपली. खलीलनं ते आपल्या भाषेत सांगितलं, "फेस देखा, खलास. नो कुस्ती, नो पोस्टर."

"शिवू की," मी म्हणालो. "मापाला जुना द्या."

खलीलनं भाषांतर केलं. तो सहा फुटी गडी दोन पावलं मागं सरकला आणि इस्त्रीच्या टेबलावर आपटला. शेवटी मी मुखवट्यावरूनच टेप फिरवली. घेर साडेतेवीस इंच भरला. जाताना त्यानं माझं मनगट धरलं आणि हळू आवाजात काही सांगितलं.

"बोलता है, पहले वो पहनेगा," खलील म्हणाला. "वो पहले. दुसरा कोई नहीं."

मी मान हलवली. दिवाळीच्या आधी देतो म्हणतानाही शिंपी अशीच मान हलवतो.

गुरुवारी दुपारी मुखवटा तयार झाला. मीच खूश झालो होतो. आतून बारीक तुरपाई, चारी बाजूंनी अर्धा इंच माया. पण ट्रायलशिवाय कपडा सोडायचा म्हणजे माझ्या जिवावर येतं. जालिंदरचं डोकं मोजलं. साडेतेवीस.

"पैलवान, या इकडं."

त्यानं मुखवटा चढवला, मी नाडी आवळली. तो आरशापुढे उभा राहिला आणि राहिलाच.

"कुठं टोचतंय का?"

"न्हाई. आत गार हाय, मास्तर."

वर पत्रा तापलेला, पंखा बंद. मी म्हटलं, नवं कापड आहे.

मग तो म्हणाला, "भाईर कशाची गर्दी वरडाय लागलीया?"

मी दार उघडून पाहिलं. गल्लीत सगळी शटरं बंद होती. एक मांजर टँकरखाली झोपलं होतं. मागं वळून मी त्याची नाडी जरा घाईनंच सोडली. त्याचे कान लाल झाले होते.

शुक्रवारी सकाळी खलील रडकुंडीला येऊन दुकानात शिरला. मोचुएलोचं पोट बिघडलं होतं. तो दवाखान्यात होता आणि मुखवटा घालूनच होता. डॉक्टरांना त्यानं थर्मामीटरपुरतं, ओठापर्यंतच वर सरकवू दिलं होतं. तिकिटं सगळी खपलेली. खलीलची नजर जालिंदरच्या खांद्यांवरून फिरली, मग नव्या मुखवट्यावर.

"मास्टर, अंदर कौन है, किसको मालूम?"

जालिंदरच्या डोळ्यांत पाणी आलं. मला त्याचं हसू आलं आणि लगेच स्वतःची लाजही वाटली. त्यानं अंघोळ केली, ट्रंकेतून तालमीच्या तांबड्या मातीची पुरचुंडी काढली आणि माझ्या पाया पडला. मी त्याच्याहून दोनच वर्षांनी मोठा. "जिंकून या, पैलवान," एवढंच मला सुचलं.

असरच्या नमाजानंतर मैदान भरलं. मी तिसऱ्या ओळीत होतो. उन्हं अजून चांगली होती. आधी एक टकला बल्गेरियन आला आणि त्यानं खुर्ची मोडून दाखवली. खुर्ची भाड्याची होती, त्यामुळे रिंगच्या खाली घंटेपाशी बसलेल्या खलीलनं कपाळाला हात लावला.

मग मोचुएलो आला.

दोरांवरून आत यायच्या आधी त्यानं वाकून कॅनव्हासला हात लावला, तो हात कपाळाला नेला आणि डावा पाय आधी आत टाकला. जालिंदर तालमीत असाच उतरतो. मी आजूबाजूच्या पठाणांना सांगितलं, "अपना आदमी है."

बल्गेरियन अंगावर धावून आला. मोचुएलो बाजूला झाला, दोरांवर चढला आणि तिथून उडाला. म्हणजे अक्षरशः उडाला. पंच्याण्णव किलोचा टँकर ड्रायव्हर असा उडेल हे मला पटेना. तरी मी टाळ्या वाजवत होतो.

मग त्यानं कमरेवरून फेकायची ढाक मारली. आमच्या मातीतली, अस्सल. बल्गेरियन पाठीवर आदळला आणि आभाळाकडे बघत राहिला.

"वा पैलवान!" मी ओरडलो.

"च्या मारी, काय ढाक मारली!" माझ्या उजव्या बाजूनं आवाज आला.

जालिंदर होता. हातात शेंगदाण्यांची पुडी.

"तू इथं?"

"न्हाई जमलं, मास्तर." तो खाली बघून बोलत होता. "लंगोटावर म्या हजार माणसांत हुभा ऱ्हायलोय. पर ती चमकणारी विजार? उद्या वस्तादांना काय तोंड दावू?"

"आणि मुखवटा?"

"खुंटीला लावून आलो."

"मग आत कोण आहे?"

"खलील आसंल."

मी रिंगच्या खाली बोट दाखवलं. खलील घंटा बडवत होता.

जालिंदरनं शेंगदाणे खाणं थांबवलं.

रिंगमधला तो आमच्याच बाजूला वळला. मुखवट्याच्या कपाळावर तांबडी माती लागली होती.

कॅनव्हास पांढरा होता.

माणसं पांगल्यावर आम्ही तिघं कपडे बदलायच्या खोलीत गेलो. आत कुणी नव्हतं. मुखवटा खुंटीला होता, घामानं ओला. मागची नाडी वरपर्यंत आवळलेली, गाठ मारलेली. ती सोडल्याशिवाय त्यातून डोकं निघणं शक्य नव्हतं. खलीलनं नाडी पाहिली, मुखवटा पाहिला आणि म्हणाला, "हाऊसफुल था."

आम्ही तसेच दवाखान्यात गेलो. मोचुएलो कॉटवर बसून, जुन्या मुखवट्याच्या फटीतून चमच्यानं दही खात होता. नवा मुखवटा पुढं करताच त्यानं चमचा खाली ठेवला. हात लावला नाही. खलीलमार्फत त्यानं एकच विचारलं, आधी कोणी घातला होता?

"यानं. ट्रायलला," मी जालिंदरकडे बोट केलं.

त्यानं माझ्याकडे निरखून पाहिलं आणि दोन बोटं वर केली.

"नाही, एकानंच," मी म्हणालो.

मग त्यानं चादर डोक्यावरून ओढून घेतली. पुढच्या आठवड्यात तो मायदेशी गेला. तिथं त्यानं टायरचं दुकान टाकलं, असं मला खलीलकडून कळलं. त्यानंतर तो कधी लढला नाही.

एल मोचुएलोची कारकीर्द मात्र तिथून जी बहरली! बहारीन, कुवेत, कराची. नजमाच्या भिंतींवर पोस्टर लागायची: अजिंक्य. खलील मदिनत खलीफात व्हिलामध्ये राहायला गेला. एकदा मी त्याला विचारलंच, "खलीलभाई, वो है कौन?"

"मास्टर, मैं सुबह मास्क टांगता. शाम को फाइट होता. फिर मैं पोस्टर छापता," तो म्हणाला आणि वर म्हणाला, "इन्शाल्ला." कशाला म्हणाला ते कळलं नाही.

वर्षा-दीड वर्षानं खलील तो मुखवटा दुरुस्तीला माझ्याकडे आणायचा. १९८१ मध्ये मी तो उलटा केला आणि पाहतच राहिलो. एका बाजूची शिवण उसवून आतल्या मायेतून कापड वाढवलेलं होतं. आत कुणाचं तरी डोकं वाढत होतं म्हणायचं. कान येतात तिथं दोन्हीकडे कापडाला आतून फुगवटे आले होते, ओबडधोबड. मी इस्त्री फिरवली. ते बसले नाहीत.

इकडे जालिंदर सारखा कान खाजवायचा. "बघा की मास्तर, कायतरी होतंय." मी म्हणायचो, उष्णता. पण मी शिंपी आहे, मापातला फरक मला दिसतो. त्या वर्षाअखेर त्याचे कान सपाट झाले. मऊ, नितळ, बँकेतल्या कारकुनासारखे. ढाक कशी मारतात ते दाखव म्हटलं तर तो पाय उचलायचा आणि मधेच थांबायचा. खोलीत नवी पोरं आली, ती त्याला जालिंदरभाऊ म्हणू लागली. तो मुकाट जेवायचा. मला ते बघवायचं नाही.

१९८३ मध्ये तो सुट्टीवर गावी जाऊन आला. तिसऱ्या दिवशी म्हणाला, "तालमीत गेलतो. वस्तादांनी बसवलं. च्या दिला."

आमच्याकडे तालमीत पैलवान आला की त्याला दूध देतात. चहा पाहुण्याला.

"कपबशीत दिला," जालिंदर म्हणाला. "कुठलं गाव म्हणून इचारलं."

पुढच्या महिन्यात तो काम सोडून कायमचा घरी गेला.

मलाही त्या सुमारास त्रास सुरू झाला. आधी वाटलं, डोळे. सुईत दोरा जाईना. डॉक्टर म्हणाले, नजर उत्तम आहे. पण तुरपाई घालायला घेतली की डावा हात कापडावर नुसता पडून राहायचा, जणू या कामाची त्याला ओळखच नाही. मालक भला माणूस. त्यानं मला गल्ल्यावर बसवलं.

१९८६ च्या मार्चमध्ये खलील आला. जुना मुखवटा त्यानं टेबलावर ठेवला. त्यातली माया चारी बाजूंनी संपली होती.

"नया मंगता था. बड़ा," तो म्हणाला.

"माप?"

त्यानं जुन्याकडे बोट दाखवलं. मापाला जुना. इतक्या वर्षांत मी त्याला बरं शिकवलं होतं. मी माझा डावा हात पुढे केला आणि सगळं सांगितलं.

"मालूम है," खलील म्हणाला. "इसलिए दिखाने लाया. कल खुंटीपर देखा, नया भी टंगा था. मास्टर, तुमने तो नहीं सिया?"

त्यानं पिशवीतून दुसरा मुखवटा काढला. कोरा. कापडाचा वास अजून गेला नव्हता.

इथं एक गोष्ट सांगायला हवी. तिकडे दवाखान्यात मी खोटं बोललो नव्हतो, विसरलो होतो. त्या गुरुवारी जालिंदरला हाक मारण्याआधी, डोळ्यांची भोकं सरळ आलीत का बघायला, मी तो मुखवटा एकदा डोक्यावर ओढला होता. क्षणभरच. आत गार होतं.

मी नवा मुखवटा उलटा केला. तुरपाई बारीक होती, उलट्या बाजूला कललेली. आणि चारी बाजूंनी अर्धा इंच माया सोडलेली होती.