येतंय

टॉवर उभारणाऱ्या इंजिनिअरांचे फोटो निघतात, नारळ फुटतात. दत्तप्रसादच्या वाट्याला टॉवर मिटवायचं काम आलं होतं. नवी यंत्रणा नीट चालू लागली की बटणवाल्या फोनांच्या काळातली जुनी यंत्रणा बंद करायची, एवढंच. दोन वर्षांत त्याने एकशे चाळीस ठिकाणी ते केलं होतं आणि एक नियम कधी मोडला नव्हता. जुन्या यंत्राला एक जरी फोन चिकटून असला तरी त्याचा मालक शोधायचा, त्याला नवं सिम द्यायचं आणि मगच स्विचला हात लावायचा. कोल्हापूरच्या ऑफिसातला त्याचा साहेब मितेश याला हे नुसते चोचले वाटत.

मे संपत आला होता. कुणकेश्वरच्या दक्षिणेला सड्यावरच्या त्या टॉवरशी दत्तप्रसाद सकाळी दहाला पोचला, तेव्हाच पायाखालचा कातळ तव्यासारखा तापला होता. टॉवरच्या कुंपणाची किल्ली शंभरेक पावलांवरच्या घरात असायची. जमीन त्या घरच्या सुगंधाबाईंची. पन्नाशीची ती बाई अंगणात आमसुलांसाठी रातांबे फोडत बसली होती. हात मनगटापर्यंत लाल.

"बंद करूक इलंस?" तिने विचारलं.

"जुना तेवढा, काकी. नवा चालूच रवतला."

तिने किल्ली पुढे केली, पण लगेच सोडली नाही. "खंयचो रे तू?"

"कट्ट्याचो."

"बरा," ती म्हणाली आणि मग किल्ली सोडली.

केबिनमध्ये त्याने लॅपटॉप जोडला. जुन्या यंत्रावर एकच फोन होता, दुसऱ्या पायरीवर. पायरीची भानगड सोपी आहे. टॉवर हाक मारतो, फोन ओ देतो, आणि ओ यायला किती उशीर लागला त्यावरून टॉवर अंतर ओळखतो. साधारण साडेपाचशे मीटरची एक पायरी. शून्य म्हणजे टॉवरच्या आसपास; त्रेसष्ट म्हणजे पस्तीस किलोमीटर, त्यापलीकडे टॉवरचं राज्य संपलं. समुद्राकडे तोंड असलेल्या अँटेनावर दुसरी पायरी म्हणजे लाटा फुटतात ती जागा. कुणीतरी जुना फोन कनवटीला लावून जाळं ओढत असणार.

तो सड्याच्या कडेला जाऊन उभा राहिला. खाली वाळूची पुळण डोळे दिपवीत पसरली होती. माणूस सोडा, होडीसुद्धा नव्हती.

त्याने मितेशला नंबर कळवला. दहा मिनिटांनी मितेशचा फोन आला.

"अरे, हा नंबर बारा वर्षांपूर्वीच बंद झालाय. यंत्र उगाच जुनी नोंद धरून बसलंय. एकदा बंद करून चालू कर, जाईल."

दत्तप्रसादलाही तेच वाटत होतं. त्याने यंत्र बंद करून चालू केलं. चार मिनिटांनी ते जागं झालं आणि पहिल्याच दमात त्या फोनने हजेरी लावली. दुसरी पायरी.

मग त्याने त्या नंबरच्या जुन्या नोंदी मागवल्या. या टॉवरचं दफ्तर आळसापायी कुणी पुसलंच नव्हतं. यादी तळापासून वाचायला लागला आणि अर्ध्यावर आल्यावर त्याने पंखा बंद केला. का, ते त्यालाही सांगता आलं नसतं. पहिली नोंद बारा वर्षांपूर्वीच्या मे महिन्यातली, पायरी त्रेसष्ट. बहात्तर दिवसांनी बासष्ट. आणखी बहात्तर दिवसांनी एकसष्ट. भरती आली, ओहोटी आली, वादळांनी झाडं झोपवली, पण हा आकडा एकदाही वाढला नव्हता. वाहत येणारी वस्तू अशी येत नाही. त्याने बॅटरीचा विचार करून पाहिला आणि सोडून दिला.

त्याला भीती वाटली नाही. देवळात गाभाऱ्यासमोर आवाज आपोआप खाली येतो, तसं त्याचं झालं.

तो घराकडे उतरला.

"काकी, एक नंबर सांगतंय. वळखीचो आसा काय बघ." त्याने पहिले सहा आकडे सांगितले. उरलेले चार सुगंधाने सांगितले, रातांब्यावरची नजर न काढता.

"ह्येंचो," ती म्हणाली. "माझ्या घोवाचो. लवू नाव. वारो उठलो, होडयेचा इंजिन बंद पडला, आणि फोन इलो. येकच शब्द. 'येतंय.' मगे काय नाय."

दत्तप्रसाद तिच्यासमोर उकिडवा बसला.

"गावान म्हटला, निरोप घेतल्यांनी. आमच्यात 'जातंय' कोण म्हणता? जातानाय येतंय, येतानाय येतंय. बारा वर्षां मी ह्योच इचार करतंय. तेव्हा ते जाय होते काय येय होते." तिने सुरी खाली ठेवली. "परवा बारा वर्षां पुरी. दीर भटाक सांगान इलो. पळसाच्या पानांचो पुतळो करून जाळतले. मगे माझ्या गळ्यातला काढतले. माका काढूचा नाय असा नाय रे. पण खरा कळाक होया. तुझ्या यंत्राक कळता?"

कुठल्याही ट्रेनिंगमध्ये त्याला हा प्रश्न विचारला गेला नव्हता. उत्तर मात्र त्याच्याकडे होतं.

"कळता," तो म्हणाला. "येतत, काकी."

ती रडली नाही. उठून मोरीवर गेली आणि बराच वेळ हात धूत राहिली. लाल काही जाईना. "मगे इतक्यात बंद करू नको," तिने आतूनच सांगितलं.

तो परत केबिनमध्ये आला. फोनने किती वेळाने हजेरी लावायची ते टॉवर ठरवतो. त्याने सर्वात कमी, सहा मिनिटं ठेवली. अडीचला मितेशचा फोन आला.

"झालं का?"

"एक फोन आहे अजून."

"दत्ता, तो फोन नाहीये. चारपर्यंत तू बंद नाही केलंस तर मी इथून करतो."

दोन बावन्नला पहिली पायरी आली. बहात्तर दिवस लागायला हवे होते. लागले साडेचार तास. घर दिसल्यावर माणसाची पावलं भराभर पडतात.

तीन चौतीसला शून्य.

शून्याच्या आतलं अंतर पायरीत कळत नाही. पण जवळ आलेल्या फोनला टॉवर हळू बोलायला सांगतो, उगाच ओरडू नको म्हणून. टॉवर सांगत होता आणि फोन ऐकत होता. आवाज एकेक टप्पा खाली, अगदी तळापर्यंत. तरीही त्याचा सिग्नल वाढतच होता.

दत्तप्रसाद केबिनच्या दारात आला.

समुद्राकडून येणारी पाणंद उन्हात रिकामी पडली होती. मधोमध एक म्हैस बसली होती. ती उठली, दगडी गडग्याला टेकून बाजूला झाली, जरा थांबली आणि परत होती तिथे येऊन बसली.

त्याचे हात जोडले गेले होते. कधी, ते त्याला कळलं नाही.

तीन सेहेचाळीसची हजेरी. इतका जोरदार सिग्नल त्याने फक्त स्वतःच्या हातातल्या फोनचा पाहिला होता.

तीन एकोणपन्नासला, सहा मिनिटं व्हायच्या आत, स्क्रीनवर एक ओळ उमटली. ती हजेरीची नव्हती.

बॅटरी संपली तर फोन नुसता गप्प होतो. पाण्यात बुडाला तरी गप्पच होतो. बोटाने बटण दाबून कुणी तो बंद केला, तरच जाताजाता टॉवरला एक छोटा निरोप धाडतो, की आता मला शोधू नका.

ती ओळ त्या निरोपाची होती.

जुन्या यंत्रावर आता कुणी नव्हतं. त्याने ते दोनदा तपासलं आणि चारला दहा कमी असताना स्विच खाली केला. घरघर थांबली.

त्या शांततेत घरातून सुगंधाचा आवाज येऊ लागला. शब्द कळत नव्हते. ती बोलत होती आणि मध्ये मध्ये थांबत होती, समोरच्याचं बोलणं पुरं होईपर्यंत थांबावं तितकीच.