एक्केचाळीस नंबरच्या पावत्या

पहिल्या भेटीतच बारवाल्या स्तामातिसनं बोटीवरच्या हिशेबाच्या खिडकीवर, अर्गिरोसमोर, ट्रे आपटला. ट्रेवरचे तीन रिकामे ग्लास थडथड नाचले, आणि त्या ग्लासांवरून त्याचं तोंड दिसलं. जुळलेल्या भुवया, लालबुंद कान.

"इथं माणसं बसतात की नुसती मशिनं?"

अर्गिरोनं पुन्हा मान खाली घातली. "माणसं बसतात. पण ती माणसांशीच बोलतात."

"मग ऐका. सातव्या मजल्यावर एक म्हातारेबाबा बसलेत. बायकोचा वाढदिवस. दोन ग्लास वाईन मागितली बिचाऱ्यानं. कार्ड लावलं तर मशीन लाल! चार टेबलांनी माना वळवल्या. नवी टाय घातलेला माणूस हो, टायनंच घाम पुसत होता..."

आता यात अर्गिरोचा काय दोष? बोटीवर रोख पैसा चालतच नाही. पिरेअस बंदरात चढताना प्रवासी बँकेचं कार्ड दाखवतो, बदल्यात त्याला खोलीचं कार्ड मिळतं. मग पाण्याच्या बाटलीपासून मोत्यांच्या माळेपर्यंत सगळं त्या खोलीच्या कार्डावर. इकडे बोट बँकेला सांगते, या माणसाचे एवढे युरो बाजूला धरून ठेव. ते पैसे गेलेले नसतात, पण हातातही नसतात. खर्च वाढला की आणखी धरायला सांगायचं. बँक नाही म्हणाली की ते नाव सकाळी अर्गिरोच्या यादीत येतं, आणि ती खोलीचं कार्ड बंद करते. सरळ काम.

हे तिनं त्याला सांगितलं. तो ऐकत राहिला. मग आवाज खाली आणून म्हणाला, "ते सगळं ठीक आहे. पण बंद करायच्या आधी खोलीत एक फोन करायला काय होतं? खोलीत चार टेबलं नसतात."

दुसऱ्या दिवसापासून अर्गिरो आधी फोन करायला लागली. "जरा खिडकीवर येता का, बँकेचं एक काम आहे" — एवढंच. खिडकीवरची भांडणं निम्मी झाली. बोटीवरच्या हॉटेल-खात्याचे मोठे साहेब कीर-प्रोद्रोमोस खूश झाले, आणि त्यांनी सगळ्या खिडक्यांना तोच नियम लावून टाकला.

आणि स्तामातिस रोज खिडकीवर यायला लागला. बारच्या बिघडलेल्या पावत्या घेऊन. एकट्या त्याच्याच बारवर रोज इतक्या पावत्या बिघडतात कशा, हे तिनं कधी विचारलं नाही. त्याच्या बोटांना लिंबाच्या सालीचा वास असायचा. तो गेला तरी खिडकीवर तो वास थोडा वेळ रेंगाळायचा...

"आज किती जणांना रडवलंस?"

"तीन. तू आलास म्हणजे चौथा."

"सगळ्या बोटीचे खिसे तुला माहीत. माझ्या खिशात काय आहे सांग बघू."

"भोक."

अशी दोन वर्षं गेली. हिवाळ्यात बोट बंद. तो खिओस बेटावर बापाच्या मळ्यात, ती किमी गावी बहिणीकडे. पंधरा दिवसांतून एक फोन. "तिकडे वारा कसाय?" "आहे. तुमच्याकडे?" "आहे." एवढं बोलून दोघंही फोन कानाला धरून बसायचे. अशानं कुठं काही होतं?

तिसऱ्या वर्षी, सप्टेंबर संपता संपता, पिरेअसला उरानियाबाई चढल्या.

खोली ७२१४. चाळिशी उलटून गेलेली बाई, पण चाळिशी तिला विचारून आलेली असावी. सोनेरी केस, उंच टाचा, हसली की मजलाभर ऐकू जावं असं हसू. अर्गिरोनं तिला चढताना एकदाच पाहिलं. पुढचं सगळं तिला पावत्यांनी सांगितलं. कारण बोटीवरच्या प्रत्येक पावतीवर बार छापलेला असतो, वेळ छापलेली असते आणि वाढणाऱ्याचा नंबर. स्तामातिसचा नंबर एक्केचाळीस.

पहिल्या संध्याकाळी, ७२१४, दोन मास्तिखा, सव्वासहा, एक्केचाळीस. मास्तिखा म्हणजे खिओसची गोड दारू. दुसऱ्या संध्याकाळी तेच. तिसऱ्याही.

दोन! बाई एकटी चढली होती. मग दुसरा ग्लास कुणाचा?

बोटीवर तेरा बार. पण बाईंचे पाय सव्वासहाला त्याच बारकडे वळत होते.

"तुझ्या ७२१४ला फार तहान लागते," अर्गिरो चौथ्या दिवशी म्हणाली. पावत्या उगाचच दोनदा चाळल्या.

"गोड बाई आहे."

"मास्तिखा प्याल्यावर कुणीही गोड होईल."

स्तामातिस हसला. मग खिडकीच्या कडेवर बोट फिरवत म्हणाला, "रोड्सला हॉटेल आहे त्यांचं. बार सांभाळायला ये म्हणतात. बारमाही काम. हिवाळ्यात घरी बसायला नको."

अर्गिरोनं पावत्यांचा गठ्ठा आपटून सरळ केला. "मग जा की."

"जाऊ?"

"मला काय विचारतोस? मी तुझी कोण?"

त्याच्या भुवया आणखी जुळल्या. "तेच तर मला..."

"अहो बाई!" मागून एक गृहस्थ ओरडले. "माझ्या बँकेतले बाराशे युरो कुठं गेले?"

बाराशे युरो कुठं गेले ते तिनं समजावून सांगितलं, आणि वर बघितलं तर स्तामातिस गेलेला.

पाचव्या दिवशी दुपारी आभाळ अचानक फाटलं. उघड्या डेकवर धावपळ उडाली. अर्गिरो काही कागद घेऊन सातव्या मजल्यावर गेली होती... बरं, कागद नुसते हातात होते. गेली होती ती बघायलाच. काचेच्या दारातून तिनं बघितलं. सगळे आत पळाले होते, आणि भर पावसात स्तामातिस डोक्यापेक्षा उंच ट्रे धरून चालत होता. ट्रेखाली उरानियाबाई. त्यांचा हात त्याच्या कोपरावर. तो सगळा भिजलेला, बाई कोरड्या ठणठणीत, आणि दोघंही पोट धरून हसत होते.

अर्गिरो जिना उतरून खाली आली. त्या रात्री तिला जेवण गेलं नाही.

सहाव्या दिवशी सकाळी यादी आली. पहिलंच नाव — ७२१४. बँकेनं पुढचे पैसे धरायला नकार दिला होता.

अर्गिरोनं फोन उचलला. सात दाबलं. दोन दाबलं. समोर तो ट्रे दिसला, त्याखालचं हसू दिसलं... बाई फोनवर "हॅलो" तरी कशी म्हणत असेल? गाणं म्हटल्यासारखी म्हणत असेल.

तिनं फोन ठेवला. आणि कार्ड बंद केलं.

दिवसभर तिला हलकं वाटलं. बरोबर सव्वासहाला मात्र ती पडद्यासमोर जाऊन उभी राहिली.

ती बाईंची बोटीवरची शेवटची संध्याकाळ होती. सकाळी रोड्स. बाईंनी ओळखीपाळखीच्या सात जणांना टेबलावर बोलावलं होतं. ग्लास भरले, गप्पा रंगल्या, बाईंनी ऐटीत कार्ड पुढं केलं, आणि मशीन लाल. बाईंचं हसू तोंडावर तसंच थिजलं. सात जण ग्लासात बघायला लागले. स्तामातिसनं पापणीही न लववता बाईंचं कार्ड मशीनखाली धरलं, वर आपलं स्वतःचं, नोकरांचं कार्ड सरकवलं, हिरवा दिवा लागला, आणि मोठ्यानं म्हणाला, "झालं बाई! मशीनलाच चढलीय आज!"

टेबल खळखळून हसलं. पण हे बोटीवर सगळ्यात मोठं पाप. नोकरानं प्रवाशाच्या टेबलावर आपलं कार्ड लावायचं नाही, कारण चोऱ्या अशाच होतात. जो असं करतो त्याला पुढच्या बंदरात उतरवतात.

अर्गिरोच्या पडद्यावर ती पावती उमटली. आठ मास्तिखा, खोलीच्या नंबरऐवजी नोकराचं कार्ड. एक्केचाळीस. तिला सगळा उलगडा झाला. पुढचं बंदर रोड्स होतं. बाईचं हॉटेलही रोड्सलाच. आपल्याच हातानं तिनं त्याला त्या बाईच्या दारात नेऊन सोडलं होतं.

सकाळी आठला दोघांना साहेबांचं बोलावणं आलं. कीर-प्रोद्रोमोस जाडजूड, गुडघ्यांनी बेजार, खुर्चीतूनच बोलायचे.

"नियम माहीत होता?"

"होता," स्तामातिस म्हणाला.

"मग?"

"बाईंची चारचौघांत शोभा झाली असती, साहेब."

"ती होऊ नये म्हणून तर आपण आधी फोन करतो. फोन नव्हता गेला त्यांना?"

साहेबांनी अर्गिरोकडे बघितलं. ती काही बोलायच्या आत स्तामातिसच बोलला, "केला असणार साहेब. ही विसरत नाही. बाईच दिवसभर खोलीबाहेर असतात, कुणी उचलला नसेल."

'हो' म्हटलं असतं तर तिच्यापुरतं सगळं तिथंच मिटलं असतं. त्याला बोटीवरून उतरवत होते, आणि तो तिला झाकत होता.

"नाही केला," अर्गिरो म्हणाली.

"विसरलीस?"

"नाही. उचलला आणि ठेवला. मुद्दाम."

साहेबांनी चष्मा काढला. "का?"

"कारण हा त्यांच्या डोक्यावर ट्रे धरून चालत होता!"

"कोण?"

"हा! एक्केचाळीस नंबर! भर पावसात! दोन वर्षं ओळखतेय मी याला, माझ्या डोक्यावर यानं कधी साधा रुमाल नाही धरला. आणि रोज दोन-दोन मास्तिखा. दुसरा कुणासाठी? कोण पितं तो? मला घास जाईना, साहेब..."

"दोन्ही त्याच पितात," स्तामातिस हळूच म्हणाला.

"काय?"

"पहिला घटाघट. दुसरा चवीनं."

साहेबांना खोकला आला. बराच वेळ आला. मग डोळे पुसत ते म्हणाले, "म्हणजे अर्गिरो, तुझं या माणसावर..."

"हो."

"त्याला माहीत आहे?"

"आत्ता कळलं असेल."

स्तामातिसचे कान पहिल्या दिवशी झाले होते त्याहून लाल झाले होते.

साहेबांनी निकाल दिला. कार्ड बंद झालं नसतं तर यानं आपलं लावलंच नसतं. तेव्हा याला लेखी ताकीद, बोटीवरून उतरवायचं नाही. अर्गिरो मात्र खिडकीवर नको. हंगाम संपेपर्यंत खाली गोदामात चादरी मोजायच्या. "आणि आधी त्या बाईंची माफी माग. खरं कारण सांगून. तीच तुझी शिक्षा."

बाई उतरायच्या दालनात बॅगांवर बसल्या होत्या. अर्गिरोनं एका दमात सगळं सांगून टाकलं. बाईंनी तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"अथेन्सच्या हॉटेलानं माझे नऊशे युरो धरून ठेवलेत, अजून सोडले नाहीत. मला वाटलं, त्यातूनच घोळ झाला."

"घोळ त्यातूनच झाला बाई. पण चारचौघांत झाला तो माझ्यामुळे. चुकलं माझं."

"चुकलंच. रात्री मला फार वाईट वाटलं." बाईंनी बॅगेचा पट्टा ओढून घट्ट केला. मग ओठांचा एक कोपरा वर गेला. "पण तू... माझ्यावर जळलीस? या वयाच्या बाईवर? अगं पोरी, हे कालच सांगायचंस. मी आणखी एक ग्लास मागवला असता!"

डेकवर वारा सुटला होता. समोर रोड्सचा तट उन्हात पिवळा दिसत होता. स्तामातिस कठड्याला टेकून उभा होता. तिनं जवळ जाऊन कठडा धरला. त्याच्या हातापासून वीतभर लांब.

"मी रागावलोय," तो म्हणाला.

"माहीत आहे."

"माझ्यावर चिडली होतीस तर मला शिव्या द्यायच्या. बाईंनी काय केलं होतं?"

"काही नाही. ...माफी मागून आले."

"काय म्हणाल्या?"

"आणखी एक मागवला असता म्हणाल्या."

त्यानं हसू दाबायला तोंड फिरवलं, पण खांदे हललेच.

"स्तामातिस, नोकरी चांगली आहे," अर्गिरो म्हणाली. "बारमाही आहे. मी 'जा' म्हणायला पाहिजे, कळतंय मला. पण म्हणवत नाही रे. तू जाऊ नयेस असं वाटतं. आणि असं वाटायला मी तुझी कोण, ते तूच काय ते सांग."

तो तिच्याकडे वळला. "मी अजून बाईंना हो म्हटलेलं नाही. पगारही विचारला नाही. एकच विचारलं. हिशेबाला माणूस लागतं का?"

"हिशेबाला?... मला न विचारता?"

"तुला विचारायला दोन वर्षं पुरली नाहीत. त्यांना विचारायला दोन मास्तिखा पुरल्या."

"मग? काय म्हणाल्या?"

"लागतं म्हणाल्या. पण ती मुलगी मला आवडेल का? मी म्हटलं, तुमचं माहीत नाही बाई, तिला तुम्ही बिलकूल आवडणार नाही."

अर्गिरो हसली, आणि हसता हसता डोळे भरले. वीतभर अंतर कुणी आधी ओलांडलं कळलं नाही, पण त्याचा खरबरीत हात तिच्या हातावर होता.

"त्या रोज बसणार का रे बारवर? सव्वासहाला?"

"हॉटेल त्यांचं. खुर्ची त्यांची."

"मग त्यांची खुर्ची मी सांगेन तिथं ठेवायची."

"कुठं?"

"दाराजवळ," अर्गिरो म्हणाली. "दाराच्या बाहेर असली तरी चालेल."