लाल खिडकीचे घर

"पट्टा शेवटपर्यंत ओढ. अजून. अगदी मुळापर्यंत," लिनेया म्हणाली.

नऊ वर्षांच्या सोरेनने दोन्ही पाय समोरच्या सीटला टेकवले आणि सगळा जोर लावला. सीटबेल्ट सरसरत बाहेर आला, येत राहिला, आणि शेवटच्या वीतभर पट्ट्यावर राखाडी, पिठासारख्या मऊ चिखलाची एक रेघ दिसली. इतक्या खोलवर तो पट्टा कधी कोणी ओढत नाही. म्हणूनच पुसणाऱ्याच्या हातून ती रेघ निसटली होती.

"मी नाही केलं हे," सोरेन घाईने म्हणाला.

"तू केलं असतंस तर तिथे जॅम असता," दारातून डोकावत डेल म्हणाला.

लिनेयाचा मित्र डेल बोल्यू तेरा वर्षांचा, लिनेया बारा वर्षांची. सोरेन तिचा धाकटा भाऊ. ईस्टरच्या सुटीतला तो गुरुवार होता. मिनेसोटाच्या उत्तर टोकाला, वेस्टरलंड गावात, रॉजर टॉलेफसन यांच्या जुन्या गाड्यांच्या आवारात ती रुपेरी सेडान उभी होती: चार दारे, मोठी डिकी, सात वर्षांचे वय आणि नव्यासारखी झळाळी. लिनेया आणि सोरेनची आई कारिन आत कचेरीत टॉलेफसन यांच्यासोबत कॉफी पीत होती. शनिवारी कागदांवर सह्या व्हायच्या होत्या आणि सोमवारी कारिनची नवी नोकरी सुरू व्हायची होती. रानातल्या एकेकट्या घरांत राहणाऱ्या म्हाताऱ्या रुग्णांकडे जाऊन त्यांची शुश्रूषा करायची. रोजचा शंभर मैलांचा प्रवास. गाडी नसेल तर नोकरीही नाही. जुन्या गाडीचा तळ, बर्फ वितळवायला रस्त्यावर टाकतात त्या मिठाने केव्हाच खाऊन टाकला होता. सोरेनच्या पायाशी पडलेल्या भोकातून खाली धावणारा रस्ता दिसायचा, आणि ते भोक जाणार याचे दुःख एकट्या सोरेनलाच होते. वडील खनिज वाहणाऱ्या जहाजावर होते. मोठ्या सरोवरातले बर्फ फुटताच ते निघाले होते आणि जानेवारीपर्यंत परतणार नव्हते.

चिखलाची रेघ ही लिनेयाच्या वहीतली चौथी नोंद. त्याआधीच्या तीन अशा: सकाळी आवारातल्या सगळ्या गाड्यांच्या काचांवर बाहेरून दव असते, या गाडीच्या काचांवर मात्र आतून. आरशाला पाइनच्या वासाची एक नव्हे, चार कागदी झाडे टांगलेली. आणि मागच्या दोन लाल दिव्यांपैकी उजवा कोरा करकरीत, डावा जुना.

घरी जाताना तिने हे सगळे आईला सांगितले. आईने ऐकून घेतले. मग म्हणाली की जानेवारीत, उणे तीस थंडीत, घर ऊबदार ठेवणारी भट्टी बंद पडली तेव्हा न बोलावता कोण आले होते ते आठव. अशा माणसाच्या गाडीखाली टॉर्च घेऊन शिरायचे म्हणजे... वाक्य तिने तिथेच सोडले. वेस्टरलंडमध्ये अशी वाक्ये पुरी करत नाहीत. ओळखीच्या माणसाकडून गाडी घ्यायची तर तिच्याभोवती एक फेरी मारायची, चाकाला बुटाचे टोक हलकेच लावायचे, 'दिसते तर बरी' म्हणायचे आणि कॉफी प्यायला आत जायचे. विचारणे म्हणजे संशय घेणे. कोणी विचारत नाही, त्यामुळे कोणाला खोटे बोलावे लागत नाही.

गाडीत कधीतरी पाणी शिरले असावे, असा लिनेयाचा संशय होता. डेलचे आजोबा ट्रॅक्टर दुरुस्त करत. त्यांच्याकडून ऐकलेले डेलने सांगितले: पाणी शिरलेल्या तारा महिनोन्‌महिने गुण्यागोविंदाने चालतात आणि मग एखाद्या दिवशी, काही न सांगता, एअरबॅग, ब्रेक, इंजिन, काहीही हाक ऐकेनासे होते. लिनेयाच्या डोळ्यांपुढे काउंटी रस्ता आला: दोन्हीकडे स्प्रूसच्या झाडांची काळी भिंत, फोनला रेंज नाही, आणि वळणावर अचानक उभे राहिलेले हरीण.

शुक्रवारी तिघे पुन्हा आवारात गेले. आईला आश्चर्याचा धक्का द्यायचा आहे, म्हणून गाडी आतून चकाचक करू का, असे त्यांनी टॉलेफसन यांना विचारले. सत्तरी गाठलेला तो उंच, लाजाळू माणूस मनापासून खूश झाला. त्यांनी बादली दिली, फडकी दिली आणि आपण बर्फ लोटायच्या नांगराच्या दुरुस्तीला निघून गेले. मुले काय शोधतील, याचा विचार त्यांना शिवलाही नाही.

डिकीतला गालिचा कोरडा होता. त्याखालची फळी कोरडी होती. डेलने जादा चाकाचा स्क्रू सोडवला, त्याने आणि लिनेयाने मिळून चाक उचलले.

चाकाखालच्या खोलगट जागेत एक तळे होते.

वीतभर खोल, काळेभोर, निश्चल. त्यावर बर्फाचा इतका पातळ पापुद्रा की सोरेनचा श्वास लागताच तो वितळला. डेलने टॉर्च लावला. प्रकाश पाण्यात उतरला आणि तळाशी एक अख्खा प्रदेश उजळला: गाळाची छोटी मैदाने, हिरव्या वनस्पतीचा एक लांब केस, मोहरीएवढे दोन शंख, लाल प्लास्टिकचा चुरा. जणू कोणी सरोवराचे एक पान फाडून, घडी घालून, या लोखंडी पाकिटात ठेवले होते.

"ती काडी चालतेय," सोरेन कुजबुजला.

काडी खरोखरच चालत होती. इंचभर लांबीची, वाळूच्या कणाला कण जोडून केलेली ती एक नळी होती. तिच्या तोंडातून सहा बारीक पाय बाहेर आले, गाळाला धरले, घर पुढे ओढले आणि थबकले. डेलने ओळखली: ती कॅडिस माशीची अळी. पंख फुटेपर्यंत ती पाण्याच्या तळाशी राहते, तोंडातून रेशीम काढते आणि हाताशी येईल ते चिकटवून अंगाभोवती घर बांधते. वाळू, काड्या, शंखांचे तुकडे, जे मिळेल ते.

या अळीला आणखी काही मिळाले होते. घराच्या तोंडाशी, वाळूच्या करड्या कणांमध्ये, एक लाल कण बसवलेला होता. टॉर्च त्याच्यावर पडला तसा तो पेटल्यासारखा झाला. अंधाऱ्या घराला कोणी एकच खिडकी ठेवावी आणि तीही सूर्यास्ताच्या रंगाची.

लिनेयाने चुऱ्यातला एक तुकडा बोटावर घेतला आणि मागच्या जुन्या दिव्याशी धरला. तोच लाल. तोच बारीक चौकटींचा पोत. उजवा दिवा फुटला होता, त्याचा चुरा डिकीत पडला होता, आणि कोणीतरी त्यातला एक कण उचलून घरात बसवला होता. एवढे सगळे व्हायला वेळ लागतो. गाडीवरून नुसते पाणी गेलेले नव्हते. गाडी तळ्याच्या तळाशी राहून आली होती.

हिवाळ्यात इथले सगळेच तळ्यावर गाड्या नेतात. दोन-दोन फूट बर्फावर मासेमारीच्या खोपट्यांचे गाव वसते, त्याला रस्तेही असतात. पण ज्याची गाडी बुडते त्याची गोष्ट गावातल्या कॅफेत मरेपर्यंत सांगितली जाते. डेलच्या शेजाऱ्याचा ट्रक चाळीस वर्षांपूर्वी बुडाला होता; त्याच्या नातवालाही शाळेत अजून 'बुडबुडा' म्हणत.

"म्हणून लपवलं त्यांनी," डेल म्हणाला.

सोरेन अजून पाण्याकडेच बघत होता. बर्फाच्या छताखाली हिरव्या अंधारात ही गाडी कशी बसली असेल, हेच त्याच्या मनात चालले होते. स्टिअरिंगभोवती एखादा पाइक मासा सावकाश वळला असेल. वरून बर्फाचा तो लांब, खोल हुंकार आला असेल, जो ऐकून काठावरची माणसेही बोलायची थांबतात. आणि माणसांची ही हरवलेली वस्तू या इंचभर जिवाला मात्र सामानाने भरलेले दुकान वाटली असेल.

मग तो म्हणाला, "सांगायला नको. गाडी नाही तर आईची नोकरी जाईल."

लिनेयालाही ही गाडी हवी होती. आई महिन्यात पहिल्यांदा गुणगुणत होती, ती या गाडीमुळेच.

"गाडी नसली तर आई घरी असेल," ती म्हणाली. "ही गाडी असली तर एखाद्या दिवशी ती घरी येणारच नाही."

तिने वाक्य पुरे केले होते. डेलने मान खाली घातली.

आईला दाखवावे, तर ती रॉजरला विचारणार नाही. सभ्यपणे दुसरे काही कारण काढेल किंवा मन मारून सही करेल. रॉजरला विचारावे, तर ते नांगराबद्दल बोलू लागतील. डेलला मात्र कचेरीतले टेबल आठवले. तिथे चिमटे होते, पिसे होती, रेशमाची रिळे होती. टॉलेफसन पन्नास वर्षे माशांच्या गळासाठी खोटे किडे हाताने बांधत आले होते. त्यांना गाडीबद्दल काही विचारायचेच नाही, असे तिघांनी ठरवले. फक्त किड्याबद्दल विचारायचे.

शनिवारी दुपारी टेबलावर कॉफी होती, लिंबाच्या वड्या होत्या, कागद होते आणि कागदांवर पेन होते. सोरेनने जॅमची बरणी त्यांच्या मधोमध ठेवली. बरणीत तळ्याचे पाणी, थोडा गाळ, आणि घर ओढत चाललेला तो जीव.

"मिस्टर टॉलेफसन, हे काय आहे?"

टॉलेफसन यांनी पेन बाजूला सारले आणि भिंग डोळ्याला लावले. त्यांचा चेहरा बघता बघता दहा वर्षांच्या मुलाचा झाला. ते सांगू लागले. हे किती सुंदर बांधकाम आहे, एकही कण उगाच नाही, जड कण खाली आणि हलके वर. काठावर असले घर सापडत नाही. इतकी बारीक वाळू म्हणजे बारा-पंधरा फूट खोलीची, आणि तीही ओढा तळ्याला मिळतो तिथली. वरून जे पडेल ते ही बाई घरात लावते, ते हसत म्हणाले, आणि बरणी खिडकीकडे फिरवली.

लाल कण उजळला.

टॉलेफसन यांचा हात थांबला. अळीने डोके बाहेर काढले, जणू कोण बघते आहे ते पाहायला, आणि पुन्हा आत घेतले. बाहेर छपरावरचे बर्फ वितळून टपटपत होते.

लिनेयाने श्वास घेतला. तिच्या गावात जे कोणी करत नाही, ते तिने केले.

"मिस्टर टॉलेफसन, ही गाडी किती दिवस पाण्याखाली होती?"

"लिनेया," आई म्हणाली, हळू पण धारदार आवाजात.

"नको, कारिन. विचारू दे तिला." टॉलेफसन यांनी भिंग खाली ठेवले. "बावीस दिवस."

मग त्यांनी सगळे सांगितले. मार्चमध्ये ट्रक नादुरुस्त होता म्हणून ते सेडान घेऊन तळ्यावर गेले. ओढ्याच्या मुखाशी बर्फ पातळ असते, हे पन्नास वर्षे ज्याने सगळ्यांना बजावले, त्याच माणसाने ओढ्याच्या मुखाशी गाडी नेली. ते खिडकीतून निसटले. शंभर मैलांवरून पाणबुड्या बोलावला, ताडपत्री घालून गाडी आणली, बंद शेडमध्ये हीटर लावून सुकवली, तेल बदलले, आणि ती सुरू झाली.

"सुकली, सुरू झाली, म्हणजे झालं, असं धरून चाललो. आणि कोणी विचारलं नाही. मी त्याच्याच आड लपलो." ते कारिनकडे वळले. "रानात कुठे ही बंद पडली असती, ब्रेक गेला असता, तर ते माझ्या लाजेपायी झालं असतं. तुझ्या जिवापेक्षा कॅफेतलं हसू मला मोठं वाटलं."

कारिनने पेनला टोपण लावले. तिने लिनेयाचा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

टॉलेफसन यांनी कागद फाडले. ही गाडी आता भंगारातच जाईल, ते म्हणाले, आणि उद्या कॅफेत ही गोष्ट ते स्वतःच सांगतील. निदान पहिल्यांदा तरी ती खरी सांगितली जाईल. आतल्या खोलीतून त्यांची बायको गुड्रुन काठी टेकत बाहेर आली. तिने सगळे ऐकले होते. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर तिची निळी सेडान गॅरेजमध्ये नुसतीच उभी होती. तीच कारिनने न्यावी, तेवढ्याच किमतीत, असे तिने जाहीर केले. नवऱ्याला विचारण्याच्या भानगडीत ती पडली नाही.

आधी मात्र सगळे ती निळी गाडी आणि टॉलेफसन यांचा दुरुस्त झालेला ट्रक घेऊन ओढ्याच्या मुखाशी गेले. तळ्यावर अजून काळपट, सच्छिद्र बर्फ होते, पण ओढ्याने त्यात एक उघडे निळे दार पाडले होते. सोरेनने बरणी हळूच कलती केली. घर खाली गेले, एकदा फिरले, लाल ठिणगी चमकली आणि खोल पाण्याने तिला आत घेतले. दूर कुठेतरी बर्फ लांबलचक हुंकारले. तो आवाज पायांखालून गेला, छातीतून गेला आणि पलीकडच्या रानात विरला. गुड्रुनने हातमोजे काढले होते, का ते तिलाही सांगता आले नसते.

"पन्नास वर्षं मी या तळ्याकडे बघतोय," टॉलेफसन म्हणाले. "तुम्ही तीन दिवसांत माझ्यापेक्षा जास्त पाहिलंत."

परत आवारात आल्यावर त्यांनी आपला मोठा टॉर्च लिनेयाच्या हातात दिला आणि निळ्या गाडीचे बॉनेट स्वतः उघडून बाजूला उभे राहिले. डेल गाडीखाली शिरला. सोरेनने गालिचे उचलले. लिनेया एकेक तार, एकेक सांधा बघत गेली. तासभर ते चालले. बाहेरच्या थंडीत तीन मोठी माणसे हातात कॉफीचे कप घेऊन गुमान उभी होती. कॉफी गार होत होती, आणि कोणाचाही अपमान झाला नव्हता.

लिनेया गुडघे झटकत उठली तेव्हा आईने तिला असा प्रश्न विचारला, जो तिने आजवर कुठल्याही गाडीबद्दल कोणालाच सरळ विचारला नव्हता.

"घेऊ?"

लिनेयाने आणखी एकदा गाडीकडे पाहिले. मग आईकडे.

"घे," ती म्हणाली.