इंग्रजीतून यकृत

कुबातची आणि माझी पहिली भेट एका यकृतापाशी झाली. ते काचेच्या बरणीत होतं, मृत होतं, आणि त्या वर्गात खोटेपणाची सक्ती नसलेलं तेवढं एकटंच होतं.

ओश शहरातल्या आमच्या विद्यापीठाने सहा देशांत वाटलेल्या माहितीपत्रकात छापलं होतं: 'संपूर्ण अध्यापन इंग्रजीतून.' विकृतिशास्त्र शिकवणाऱ्या कुबातला इंग्रजी येतं का, हे मात्र नेमणुकीच्या वेळी कोणी विचारलं नव्हतं. मी परदेशी विभागातली दुभाषी. एका दिवसासाठी त्याच्या तासाला मला पाठवलं, आणि तो दिवस थंडी सरेपर्यंत लांबला. तो किर्गीझमध्ये शिकवी, मी साठ परदेशी मुलांना इंग्रजीत सांगे.

"मी तीन वाक्यं बोललो," पहिल्याच तासाला तो मला किर्गीझमध्ये म्हणाला, "तुम्ही एकच सांगितलंत."

"तुम्ही एकच गोष्ट तीनदा सांगितलीत."

"तिसऱ्यांदा... तुम्हाला कळली का, ते बघत होतो."

"परीक्षा मुलांची आहे, सर. माझी नाही."

"अजून तरी नाही," तो म्हणाला आणि फळ्याकडे वळला. त्याचे कान लाल झाले होते.

वर्गासमोर आम्ही असे खुशाल बोलत असू. समजणारं होतं कोण?

मार्चमध्ये पाहणी समितीचं पत्र आलं. अध्यापन इंग्रजीत नसेल, तर मुलांची पदवी त्यांच्या देशात ग्राह्य धरली जाणार नव्हती. उपकुलगुरूंनी तोडगा काढला: कुबातने वीस मिनिटांचं व्याख्यान पाठ करावं, मी दाराबाहेर राहावं. नाही म्हटलं, तर त्याची नोकरी गेली. मग त्याला उरणार होतं ते दूर डोंगरातल्या गुलचाचं इस्पितळ.

दुपारी चायखान्यात मी त्याच्याकडून पाठांतर करून घेई. बाहेर बर्फमिश्रित पाऊस, वाफेने पांढरी झालेली खिडकी, आणि यकृताच्या ऱ्हासाची वाक्यं तो अशा आर्त स्वरात म्हणे, की शेजारच्या म्हाताऱ्या चहा प्यायच्या थांबत.

"हे पाठ झालं, की मी काय ठरेन?"

"नोकरीत राहाल."

"मी तुम्हाला नोकरीत हवा आहे?"

"मला तुम्ही — शहरात हवे आहात."

त्याने खिमा भरलेला समसा मोडून मोठा अर्धा माझ्यापुढे सरकवला. पुढचं वाक्य त्याला आठवेना. मलाही.

पाहणीच्या दिवशी मी दाराआड उभी होते. अठरा मिनिटं एकही चूक नाही. मग समितीच्या अध्यक्षांनी साधाच प्रश्न विचारला: अशा रोग्याचं पोट पाण्याने का फुगतं? प्रश्नापुरतं इंग्रजी एव्हाना कुबातला कळत होतं, आणि उत्तर त्याच्याइतकं चांगलं ओशमध्ये कोणी देऊ शकलं नसतं. खोकून दोन मिनिटं काढता आली असती...

दार उघडलं.

"जिपार, आत ये. मला उत्तर येतं."

पहिल्यांदाच 'ये' म्हणाला. तो बोलू लागला, मी सवयीने मुलांकडे वळले, तोच पुढच्या बाकावरची मुलतानची सायमा स्वच्छ किर्गीझमध्ये म्हणाली, "ताई, आम्हाला नको. सरांचं बोलणं आम्हाला समजतं. वॉर्डात रोगी इंग्रजी थोडेच बोलतात? शिकावंच लागलं. तुम्ही पाहुण्यांना सांगा."

"कधीपासून समजतं?" मी विचारलं.

"नोव्हेंबरपासून."

साठ चेहरे अत्यंत सभ्यपणे वह्यांत बुडाले.

समितीने पदवी राखली आणि दोन अटी घातल्या: खरोखर इंग्रजी येणारे शिक्षक नेमा, आणि मुलांना रीतसर किर्गीझ शिकवा. विद्यापीठाने दोन्ही मान्य केल्या, आणि आठवड्याच्या आत कुबातला काढलं.

तो खोक्यात पुस्तकं भरत होता.

"गुलचात दुभाषीला काम नाही," माझ्याकडे न बघता तो म्हणाला.

"शाळा आहे. इंग्रजीची शिक्षिका हवी आहे त्यांना."

"कोणी सांगितलं?"

"मुख्याध्यापिकेने. मी फोन केला होता."

"कधी?"

"पाहणीच्या आदल्या दिवशी."

त्याच्या हातातलं पुस्तक तसंच राहिलं. "तेव्हा तर मला सगळं पाठ होतं."

"अस्खलित," मी म्हणाले. "पण तू दार उघडशील, हा माझा तुझ्यावर भरवसा होता."