आधी जनरेटर बंद करा

"आधी जनरेटर बंद करा," दार उघडताच ती म्हणाली. ओळख वगैरे नंतर.

दातांच्या डॉक्टरला लोक घाबरतात. स्वतः घाबरायचा त्याला सराव नव्हता. समोर वीज कंपनीची इंजिनिअर... रेनकोट निथळतोय, काखेत हेल्मेट, आणि डोळे — डोळ्यांकडे बघायची ही वेळ नव्हती. त्याने बघितलं.

"बंद कसा करू? माझ्या वडिलांचं, आप्पांचं ऑक्सिजनचं मशीन आहे त्यावर."

"आणि माझा माणूस खांबावर चढणार होता. गल्लीत अंधार, तारेत मात्र करंट. म्हटलं, कोण एवढं दानशूर?"

वादळात तारांवर झाड पडलं होतं. डॉक्टरने भाड्याचा जनरेटर सरळ भिंतीतल्या सॉकेटला जोडला होता, मेन स्विच चालूच ठेवून. घरातली वीज उलटी बाहेरच्या तारेत निघाली होती. शिवाय यंत्र भिजू नये म्हणून ते स्वयंपाकघरात.

तिने मेन पाडला, खिडक्या उघडल्या. "याचा धूर माणूस मारतो. कळतही नाही. आप्पा, जरा वेळ सिलिंडरवर काढाल?"

"काढीन की," आप्पा आतून म्हणाले. "थोडाच उरलाय, पण याच्या विनोदांवर जगलोय मी इतकी वर्षं. आणि तू रे, तिच्याकडे काय बघतोस, यंत्र उचल."

दोघांनी जनरेटर बंद करून बाहेर, खिडक्यांपासून लांब शेडखाली नेला. तिने जाड वायरने आप्पांचं मशीन थेट त्याला जोडलं आणि तो परत सुरू केला. आप्पांचा श्वास लयीत आला, तेव्हा डॉक्टरला स्वतःचाही सापडला.

ती फोनवर सांगत होती, "तार परत तपासा. अर्थिंग लावा, मगच चढा."

"मला वाटलं, मी हुशारी केली..."

"हुशार माणसंच करतात असलं. बाकीचे टॉर्च लावून गप्प बसतात."

इतकं गोड कोणी झापलं नव्हतं त्याला.

संध्याकाळी लाईट आली. तो धावत रस्त्यावर गेला. ती जीपमध्ये चढत होती.

"तुम्ही... म्हणजे आप्पा विचारत होते, परत काही झालं तर?"

"तक्रार असेल तर ऑफिसला फोन करायचा."

"आणि तक्रार नसेल तर?"

तिने हेल्मेट काढलं, ओले केस मागे सारले, आणि पहिल्यांदाच हसली.

"मोबाईल काढा. माझा नंबर घ्या."